सम्यक वाणी आणि संगणकावर काम करणारी आपली मुले





दर रविवारी विहारात आपण त्रिसरण आणि पंचशील ग्रहण करतो. चौथे शील घेताना खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचा निश्चय करतो. ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांना पाच शीलांपैकी हे शील सर्वांत सोपे वाटते. आम्ही कष्टाची भाकरी खातो, आम्ही कोठे खोटे बोलतो, असे ते म्हणतात. परंतु तथागतांनी अष्टांगिक मार्गात वाणीला स्वतंत्र स्थान दिले आहे, ते केवळ खोटे टाळण्यासाठी नव्हे. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये आणि निरर्थक बडबड करू नये, अशी सम्यक वाणीची चार अंगे आहेत. ज्याला ही चार अंगे पाळायची आहेत त्याला आधी स्वतःचे मन ओळखावे लागते. कारण खोटे भीतीतून निघते, कठोर शब्द रागातून निघतो आणि चहाडी मत्सरातून निघते. मन ओळखल्यावाचून वाणी शुद्ध होत नाही.

आज या विषयाची आठवण करून देण्याचे कारण आपली मुले आहेत. पुसद तालुक्यातील ज्या घरांतून आजोबा दुसऱ्याच्या शेतावर सालदार म्हणून राबले, त्या घरांतील मुले-मुली आता संगणकाच्या कंपन्यांत नोकरीला लागली आहेत. त्यांच्या पगाराचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे. परंतु त्या पगारामागे त्यांच्या मनावर काय बेतते आहे, हे आपण त्यांना कधी विचारले आहे काय?

पुसदहून हिंजवडीला

पूस नदीच्या काठी वसलेले आपले गाव. येथे १९८३ साली बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि इंजिनिअर होण्यासाठी नागपूर-मुंबईला जाण्याची ऐपत नसलेल्या घरांनाही ती वाट दिसू लागली. इन्फोसिससारखी कंपनी १९८१ साली महाराष्ट्रातच, पुण्यात स्थापन झाली. पुढे पुण्याजवळच्या हिंजवडीत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान नगरी उभी राहिली, नागपूरला मिहान आले. आज देशात या धंद्यात ५० लाखांहून अधिक माणसे काम करतात. रात्रीच्या गाडीने पुसदहून पुण्याला जाणारी आपली मुले त्यांतलीच आहेत.

आपल्याला वाटते की हा मुलगा काचेच्या इमारतीत एकटा संगणकासमोर बसतो, गणित सोडवतो आणि पगार घेतो. तसे नाही. त्याचे अर्धे काम बोलण्याचे आहे. रोज सकाळी त्याच्या टीमची एक छोटी बैठक होते. तिच्यात प्रत्येकाने दोन-तीन मिनिटांत सांगायचे असते की काल काय केले, आज काय करणार आणि काम कोठे अडले आहे. त्याने लिहिलेले काम दुसरा सहकारी तपासतो आणि चुका लिहून दाखवतो. त्याने त्या चुका दुरुस्त करायच्या किंवा आपले म्हणणे पटवून द्यायचे असते. रात्री परदेशातल्या ग्राहकाशी इंग्रजीत बोलायचे असते. वर्षाच्या शेवटी मॅनेजरसमोर बसून आपण काय केले हे आपल्याच तोंडाने सांगायचे असते. जो सांगत नाही त्याचे काम पुष्कळदा कोणाला दिसतच नाही.

आता पाहा, चौथे शील येथे कसे कसोटीला लागते. काम अडले आहे. पण अडले म्हटले तर लोक म्हणतील, याला येत नाही. म्हणून मुलगा बैठकीत म्हणतो, होत आले आहे. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणतो. चौथ्या दिवशी उघड होते की काम झालेलेच नाही आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या पाच जणांचे कामही थांबले आहे. ज्या मदतीला पहिल्या दिवशी दहा मिनिटे लागली असती, तिच्यासाठी आता साऱ्या टीमचा आठवडा गेला. तो मुलगा आळशी नाही, अप्रामाणिकही नाही. तो भ्याला आहे. परंतु भीतीने बोललेले खोटे हेही खोटेच असते, आणि त्याचे फळ त्याला भोगावे लागते.

वारशाने आलेले मौन

ही भीती कोठून आली? ही त्या मुलाने पुण्यात जाऊन मिळवलेली नाही. ती त्याच्याबरोबर गाडीत बसून गेली.

आपल्या पूर्वजांना बोलण्याची मनाई होती. वर मान करून उत्तर दिले तर मार बसे, काम जाई, गावात राहणे कठीण होई. अशा स्थितीत गप्प राहणे हाच जगण्याचा उपाय होता. म्हणून आईने मुलाला शिकवले, मोठ्या माणसांसमोर बोलू नये. बापाने शिकवले, साहेब म्हणतील ते ऐकून घ्यावे. त्या काळी ती शिकवण शहाणपणाची होती, आईबापांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु काळ बदलला तरी शिकवण घरात तशीच राहिली. आणि दाबून ठेवलेले मौन कायम मौन राहत नाही. ते एखाद्या दिवशी रागाचा भडका होऊन बाहेर पडते. कार्यालयात गिळलेला शब्द घरी बायकोवर निघतो, फोनवर आईवर निघतो, दारूच्या ग्लासात बुडतो. सहा महिने तोंड न उघडलेला माणूस एके दिवशी रागात ईमेल लिहितो आणि नोकरी घालवून बसतो.

प. पू. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक काढले, तेव्हा त्याला नाव दिले ‘मूकनायक’. ज्यांना वाचा नव्हती त्यांचा तो नायक. आपल्या मुक्तीची चळवळ मौन मोडण्यापासून सुरू झाली, हे त्या नावातच लिहिलेले आहे. मग शंभराहून अधिक वर्षांनंतर आपल्याच मुलाने बैठकीत ओठ शिवून बसावे काय?

कित्येक मुलांना आपल्या वऱ्हाडी बोलीची लाज वाटते. ‘काहून’ शब्द तोंडातून निसटला की शहरातली पोरे हसतात, म्हणून ती बोलतच नाहीत. त्यांना सांगा, बुद्धवचन उच्चवर्णीयांच्या छांदस भाषेत बांधून ठेवावे अशी सूचना काही भिक्षूंनी केली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली होती. भाषेवरून माणसाची योग्यता ठरवणे धम्मात बसत नाही. इंग्रजी हे कामाचे अवजार आहे. कुऱ्हाडीला धार लावावी तशी इंग्रजीला धार लावावी, मेहनत करावी. परंतु अवजार बोथट आहे म्हणून माणूस कमी प्रतीचा ठरत नाही.

जग आज काय म्हणते

या कंपन्यांत आता एका नव्या विद्येची चर्चा असते. तिला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय रीतीने मांडली आणि १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर पोहोचली. स्वतःची भावना ओळखणे, तिला आवर घालणे, ध्येयासाठी स्वतःला प्रवृत्त ठेवणे, दुसऱ्याच्या मनातले जाणणे आणि लोकांशी नीट वागणे, अशी तिची पाच अंगे गोलमन सांगतात. हे गोलमन तरुणपणी, १९७० च्या दशकाच्या आरंभी, भारतात आले होते आणि बोधगयेला विपश्यनेच्या शिबिरात बसले होते. पुढे २००७ साली गूगल कंपनीत चाड-मेंग टॅन नावाच्या इंजिनिअरने आपल्या सहकाऱ्यांसाठी सति-भावनेवर, म्हणजे सजग राहण्याच्या अभ्यासावर आधारलेला वर्ग सुरू केला.

त्याच कंपनीने २०१२ पासून आपल्या सुमारे १८० टीमचा अभ्यास केला. कोणती टीम उत्तम काम करते आणि का, हा प्रश्न होता. सर्वांत हुशार माणसे जेथे एकत्र आली ती टीम उत्तम, असे उत्तर निघाले नाही. जेथे माणसाला चूक कबूल करताना, प्रश्न विचारताना, मला समजले नाही असे म्हणताना अपमानाची भीती वाटत नाही, ती टीम उत्तम, असे दिसून आले.

हे ऐकून कोणी म्हणेल की आमच्या ग्रंथांत हे अडीच हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. अशी बढाई बौद्धाला शोभत नाही. ज्यांनी आज अभ्यास केला त्यांना त्याचे श्रेय दिले पाहिजे. आपण स्वतःला वेगळा प्रश्न विचारावा. जी गोष्ट शिकण्यासाठी कंपन्या पैसे खर्च करतात, ती आपल्या विहारात फुकट मिळत असताना आपण ती शिकलो काय?

बोलण्यापूर्वीच्या पाच कसोट्या

तथागतांनी चांगल्या वाणीची पाच लक्षणे सांगितली आहेत. ती योग्य वेळी बोललेली असावी, खरी असावी, सौम्य असावी, हिताची असावी आणि मैत्रीच्या चित्ताने बोललेली असावी. ही पाच लक्षणे मुलांनी पाठ करावीत आणि कामाच्या ठिकाणी वापरून पाहावीत.

सहकाऱ्याच्या कामात चूक सापडली असे समजा. चूक आहे, म्हणजे बोलणे खरे आहे. ती दाखवली नाही तर ग्राहकाचे नुकसान होईल, म्हणजे बोलणे हिताचेही आहे. पण पंधरा माणसांच्या बैठकीत, त्याच्या साहेबासमोर ती दाखवावी काय? वेळ चुकली. ‘एवढेही कळत नाही काय’ असे लिहावे काय? सौम्यता गेली. आणि आपल्या मनात त्याची फजिती व्हावी अशी इच्छा असेल, तर मैत्री गेली. त्याला बाजूला घेऊन किंवा त्याच्यापुरते लिहून सांगावे की या ओळीत असे झाले तर हिशेब चुकेल, असे करून पाहू या काय. चूक तीच, पण आता तो ऐकेल.

काही मुले सौम्य बोलायचे म्हणून खरे लपवतात. तेही चुकीचे आहे. राजकुमार अभयाशी बोलताना तथागतांनी स्पष्ट केले की जे खरे आहे आणि हिताचे आहे, ते ऐकणाऱ्याला कडू लागणारे असले तरी योग्य वेळ पाहून बोलले पाहिजे. साहेबांनी दिलेली मुदत अशक्य असेल तर ती अशक्य आहे, हे पहिल्याच दिवशी सांगावे. चार दिवसांचे काम दोन दिवसांत होणार नाही, दोन दिवसांत एवढा भाग होईल आणि उरलेला नंतर होईल, असे आकड्यांनिशी सांगावे. यात उद्धटपणा नाही. मुदत संपल्यावर माफी मागण्यापेक्षा आधी सत्य सांगणे साहेबाच्याही हिताचे आहे.

राहुलाला उपदेश करताना तथागतांनी आरशाचा दाखला दिला. आरसा कशासाठी? स्वतःला पाहण्यासाठी. तसेच बोलण्यापूर्वी, बोलताना आणि बोलून झाल्यावर, या शब्दाने मला किंवा दुसऱ्याला इजा होते काय, हे पाहावे, असे त्यांनी आपल्या मुलाला शिकवले. रागात लिहिलेला ईमेल लगेच पाठवू नये, रात्रभर ठेवावा, सकाळी पुन्हा वाचावा. हाच राहुलाचा आरसा आहे.

रोहिणीच्या काठचा वाद

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे, ते आपल्या विषयाला फार जवळचे आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण झाले. शाक्यांच्या सेनापतीने संघाच्या सभेत युद्धाचा ठराव आणला. सभेत रागाचे वारे वाहत होते. त्या सभेत सिद्धार्थ उभे राहिले आणि त्यांनी विरोध केला. पण त्यांनी सेनापतीला शिवीगाळ केली नाही, नुसता नकार देऊनही ते बसले नाहीत. त्यांनी पर्याय मांडला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाच जणांनी वाद मिटवावा. मतदान झाले. सिद्धार्थांचा पक्ष हरला.

हरल्यावर त्यांनी काय केले? त्यांनी आपले मत सोडले नाही आणि संघाचा नियमही मोडला नाही. ते शांतपणे परिणामाला सामोरे गेले. पुढे शाक्य आणि कोलीय यांच्यात समेट झाल्याची वार्ता त्यांना कळली.

ज्या मुलाचे म्हणणे बैठकीत फेटाळले जाते त्याने ही कथा ध्यानात ठेवावी. आपले म्हणणे मांडा, बरोबर पर्याय मांडा, सर्वांनी दुसरा निर्णय घेतला तर तोंड वाकडे न करता काम करा, आणि आपल्या मताची नोंद ठेवा. म्हणणे हरले म्हणजे माणूस हरला असे होत नाही.

बाबासाहेबांची वाणी

बाबासाहेबांच्या लेखणीची धार आपण जाणतो. पण त्यांचा मनावरचा ताबा किती मोठा होता, याकडे आपले लक्ष कमी जाते. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत अध्यक्षांनी त्यांना अचानक बोलायला बोलावले. त्यांच्या आधी वीसेक वक्ते होतील असे त्यांना वाटत होते, आणि तयारी झालेली नव्हती. समोर पुष्कळसे राजकीय विरोधक बसलेले होते. त्या दिवशी त्यांनी जुने हिशेब काढले नाहीत. देश आज विभागलेला असला तरी एक होईल असा विश्वास त्यांनी व्यक्त केला आणि लोकांना भीती वाटेल असे शब्द बाजूला ठेवण्याचे आवाहन बहुसंख्याकांना केले. सभेने त्यांचे मनापासून स्वागत केले.

पुढे घटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवण्यात आल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभेत मांडण्यात आल्या. आपल्या मुलाच्या कामावर दहा दुरुस्त्या आल्या की त्याची झोप उडते. बाबासाहेब, प्रकृती बरी नसताना, कलमामागून कलमावर उत्तरे देत राहिले. जेथे दुरुस्ती योग्य होती तेथे स्वीकारली, जेथे नव्हती तेथे कारण देऊन नाकारली. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या भाषणात त्यांनी काय केले? श्रेय वाटले. बी. एन. राव यांना दिले, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिले. ज्यांनी सतत विरोध केला त्या सभासदांचीही नावे घेऊन आभार मानले, कारण त्यांच्या विरोधामुळे तत्त्वे स्पष्ट करण्याची संधी मिळाली. त्या नावांत आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख हेही होते.

आपल्या कामावर टीका करणाऱ्याचे आभार मानायला किती मोठे मन लागते! हे मन जन्मतः मिळत नाही. ते अभ्यासाने घडवावे लागते.

दुसऱ्याने दिलेला राग

भारद्वाज कुळातील एक ब्राह्मण आपल्या कुळातल्या माणसाने बुद्धाकडे प्रव्रज्या घेतली म्हणून संतापला आणि तथागतांकडे येऊन नाही नाही ते बोलला. तथागतांनी त्याला विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात, तू त्यांना जेवण वाढतोस, त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. तथागत म्हणाले, तुझे हे शब्द मी घेत नाही, ते तुझ्याकडेच राहिले.

नवदीक्षित कुटुंबांना ही कथा दोनदा उपयोगी आहे. धर्म बदलला म्हणून टोमणे मारणाऱ्या शेजाऱ्यासाठी एकदा, आणि कार्यालयात ओरडणाऱ्या साहेबासाठी दुसऱ्यांदा.

तथागतांनी दोन बाणांचाही दाखला दिला आहे. पहिला बाण लागला की वेदना होतेच. पण अज्ञानी माणूस त्या वेदनेवर शोक करून स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. नोकरीतून कमी केले हा पहिला बाण. २०२२ आणि २०२३ साली जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांनी हजारो माणसांना असे कमी केले. त्यांत हुशार आणि कष्टाळू माणसेही होती. परंतु मी नालायक आहे, आता गावात तोंड कसे दाखवू, आईबापांना काय सांगू, हा दुसरा बाण आहे. या दुसऱ्या बाणाने मुले एकाकी होतात, आणि काही जण जीव नको म्हणण्यापर्यंत जातात. पालकांनो, हा दुसरा बाण पुष्कळदा आपणच मुलाच्या हातात देतो. शेजाऱ्यांना पगाराचा आकडा सांगत फिरलो की मुलाला नोकरी गेल्याचे घरी सांगण्याची सोय उरत नाही.

नम्रता म्हणजे लाचारी नव्हे

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. गोड बोला, राग आवरा, जुळवून घ्या, हा उपदेश आपल्या लोकांना शतकानुशतके ऐकवला गेला आहे. सम्यक वाणीच्या नावाखाली तोच जुना जोहार पुन्हा शिकवायचा असेल, तर तो धम्म नव्हे. राग आवरायचा आहे, अन्याय गिळायचा नाही.

आडनाव विचारून जात शोधणारे, गाव कोणते, आरक्षणातून आलास काय, असे विचारणारे लोक काचेच्या इमारतींतही भेटतात. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने सिस्को या संगणक कंपनीविरुद्ध, एका दलित इंजिनिअरला जातीवरून वाईट वागणूक दिल्याचा दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारला, आणि दोन अधिकाऱ्यांवरचा व्यक्तिगत दावा २०२३ साली मागे घेण्यात आला. परंतु जात सातासमुद्रापलीकडच्या कार्यालयातही जाते काय, हा प्रश्न त्यामुळे जगासमोर आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी करणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर होय.

अशा प्रसंगी मुलाने काय करावे? शिवीला शिवी देऊ नये. ज्या दिवशी प्रसंग घडला त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. ‘हा प्रश्न कामाशी संबंधित नाही’ असे समोरच्याच्या डोळ्यांत पाहून, आवाज न चढवता सांगावे. पुन्हा घडले तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. मुलींनी लक्षात ठेवावे की २०१३ च्या कायद्याप्रमाणे, दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात अशा कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. ज्याचे मन शांत आहे त्याची तक्रार नेमकी असते, आणि नेमकी तक्रार टाळणे कठीण असते. मैत्री चित्तात असावी आणि पुरावा हातात असावा. बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यासाठी १९२७ साली सत्याग्रह केला आणि कोर्टातही वर्षानुवर्षे झुंज देऊन १९३७ साली मुंबई हायकोर्टात विजय मिळवला, तो याच रीतीने.

शिक्षण घरापासून

हे सारे मुलांनी पुण्यात जाऊन शिकावे अशी अपेक्षा करून चालणार नाही. त्याची सुरुवात पुसदच्या घरातून झाली पाहिजे. म्हणून प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात.

पहिली गोष्ट, फोनवरचे बोलणे सुधारा. ‘जेवला काय रे?’ ‘हो.’ ‘पगार झाला?’ ‘झाला.’ एवढ्यावर फोन ठेवू नका. आज मनाला काय लागले, कोणती गोष्ट चांगली झाली, असे विचारा. तो सांगू लागला की मध्येच उपदेश करू नका, पूर्ण ऐका. संगणकातले काही कळत नसले तरी चालेल. मुलाचा आवाज आईला कळतो, तेवढे पुरे आहे.

दुसरी गोष्ट, घरात प्रश्न विचारू द्या. बापाला ‘का’ म्हणून विचारणारा मुलगा उद्धट नसतो. मुलीला ‘तू गप्प बस’ म्हणू नका. जी मुलगी घरात बोलली नाही ती कार्यालयात कशी बोलेल? चूक कबूल करणाऱ्या मुलाला मारू नका. त्याने खरे सांगितले याबद्दल आधी शाबासकी द्या, मग चुकीबद्दल बोला. खरे बोलून मार बसला तर तो ‘होत आले आहे’ म्हणायला शिकतो.

तिसरी गोष्ट, सायंकाळच्या वंदनेनंतर सर्वांनी पाच मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे. राग असेल तर राग आहे, भीती असेल तर भीती आहे, असे मनाशी ओळखावे. ओळखलेला राग निम्मा ओसरतो.

चौथी गोष्ट, रविवारी विहारात एका मुलाने किंवा मुलीने पाच मिनिटे उभे राहून बोलावे. विषय कोणताही असो. इतरांनी प्रश्न विचारावेत. चुकले तर कोणी हसू नये, हा विहाराचा नियम असावा. दहावीपर्यंत जो वीस वेळा असा उभा राहिला, त्याचे पाय मुलाखतीत लटपटणार नाहीत.

पाचवी गोष्ट त्या मुलांसाठी, जी आधीच नोकरीत स्थिरावली आहेत. बुद्धपौर्णिमेला, चौदा एप्रिलला तुम्ही गावी येता, तेव्हा नुसते मोटारीतून फिरू नका. एक संध्याकाळ विहारात द्या. महाविद्यालयातल्या मुलांना बसवून सांगा की बैठक कशी होते, ईमेल कसा लिहितात, तुम्ही पहिल्यांदा कोठे अडलात आणि कोणाला विचारलेत. ज्या वाटेने तुम्ही ठेचकाळत गेलात, ती वाट मागून येणाऱ्याला दाखवणे हे दान आहे.

बंधूभगिनींनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आहे, खोटे न बोलण्याची आहे, सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. धम्मदीक्षेने आपला नवा जन्म झाला असे आपण मानतो. नव्या जन्मात मूल नव्याने बोलायला शिकते. आपणही शिकू या. आपल्या मुलांना ताठ मानेने, शांत मनाने आणि खरे बोलायला शिकवू या. येत्या रविवारी चौथे शील ग्रहण कराल, तेव्हा दूर शहरात संगणकासमोर बसलेल्या आपल्या लेकराची आठवण करा, आणि वंदना आटोपून घरी गेलात की त्याला फोन लावा.

जय भीम! नमो बुद्धाय!